सात पंच्याऐंशीचा चेक, सहा पंचवीसची बाकी: कलम १३८ च्या एका नोटिशीचं प्रकरण

चेक बाउन्सच्या, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खालच्या, फिर्यादीत कोर्टात जे काही घडतं, त्यातलं बरंचसं नोटिशीच्या मसुद्यात आधीच ठरून गेलेलं असतं. २०२२ आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालांनंतर हे जास्तच खरं झालं आहे. तालुका कोर्टात काम करणाऱ्या नव्या वकिलांना आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत. पक्षकारांची ओळख कळू नये म्हणून ठिकाण, रकमा आणि तारखा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि तारखांमधलं अंतर मात्र तसंच ठेवलं आहे, कारण सगळा पेच त्या अंतरातच आहे.

पार्श्वभूमी

फिर्यादी सांगली जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार. द्राक्षांचा बेदाणा करून तो त्यांनी कोल्ड स्टोरेजला ठेवला होता. दर बरा मिळाल्यावर ओळखीच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी तो उधारीवर दिला. पावती होती ती कच्ची, व्यापाऱ्याच्या वहीतल्या कागदावरची. तिच्यावर वजन, दर आणि खाली सही. एकूण येणं ७,८५,००० रुपये. व्यापाऱ्याने तेवढ्याच रकमेचा १ सप्टेंबर २०२५ तारखेचा चेक दिला आणि सांगितलं, "लगेच टाकू नका, मी सांगतो तेव्हा टाका."

आपल्याकडे असा चेक घेतला जातो आणि घरातल्या कपाटात पडून राहतो. व्यापाऱ्याशी पिढ्यांचा संबंध असतो आणि पुढच्या वर्षी मालही त्यालाच द्यायचा असतो. सप्टेंबरात व्यापाऱ्याने दोन वेळा पैसे पाठवले, आधी १,००,००० आणि आठवड्याने ६०,०००, दोन्ही यूपीआयने. हे पैसे बागायतदाराच्या मुलाच्या खात्यात आले, कारण व्यापाऱ्याच्या मोबाइलमध्ये नंबर मुलाचा होता. नंतर पैसे थांबले. दिवाळीच्या तोंडावर औषधांची आणि मजुरांची देणी उभी राहिली, तेव्हा १४ ऑक्टोबरला बागायतदारांनी चेक खात्यात भरला. दुसऱ्या दिवशी तो अपुऱ्या शिलकीच्या शेऱ्यासह परत आला.

गावाजवळच्या एका वकिलांनी २८ ऑक्टोबरला नोटीस पाठवली. व्यापाऱ्याचं वकिलामार्फत उत्तर ६ नोव्हेंबरचं. पुढे काय करायचं हे विचारायला बागायतदार १० नोव्हेंबरला सगळी कागदपत्रं पिशवीत घालून आमच्याकडे आले.

अडचण कुठे होती

पहिली अडचण नोटीस वाचताच दिसली. दुसऱ्या परिच्छेदात चेकची रक्कम बरोबर, ७,८५,०००. शेवटच्या, म्हणजे प्रत्यक्ष मागणीच्या परिच्छेदात मात्र "१५ दिवसांच्या आत रुपये ७,५८,००० अदा करावेत." टाइप करताना आकडे उलटले होते.

दुसरी अडचण नोटिशीत नव्हती, ती उत्तरी नोटिशीत सापडली. व्यापाऱ्याने लिहिलं होतं की चेक केवळ तारण म्हणून दिला होता, आणि त्यातले १,६०,००० आपण आधीच फेडले आहेत. बागायतदारांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "हो, ते आलेत की साहेब. पण ते पोराच्या खात्यात आलेत, चेक माझ्या नावाचा आहे."

त्यांच्या लेखी हे दोन वेगळे हिशेब होते. कायद्याच्या लेखी ते एकच देणं होतं. चेक बँकेत गेला त्या दिवशी बाकी ६,२५,००० होती आणि चेक टाकला होता ७,८५,००० चा.

दोन्ही दोषांवर सर्वोच्च न्यायालयाचे थेट निकाल आहेत. कावेरी प्लास्टिक्स विरुद्ध महदूम बावा या प्रकरणात १९ सप्टेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. अंजारिया यांच्या खंडपीठाने सांगितलं की कलम १३८ च्या परंतुकातल्या (कलमाला जोडलेल्या अटींतल्या) नोटिशीत चेकचीच रक्कम मागितली पाहिजे. तिथे चेक १ कोटीचा होता आणि नोटीस २ कोटींची. टायपिंगची चूक झाली, ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. हे दंडविधान आहे, त्यातल्या अटी काटेकोर पाळाव्या लागतात, आणि नोटीस अवैध असेल तर फिर्यादही टिकत नाही. व्याज, नोटीस खर्च या गोष्टी वेगळ्या दाखवून मागितल्या तर नोटीस बिघडत नाही, हे सुमन सेठी निकालापासून (२०००) ठरलेलं आहे. पण मूळ आकडा चुकला तर तो आधारही मिळत नाही.

दुसरा निकाल दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल, ११ ऑक्टोबर २०२२ चा. चेक दिल्यानंतर आणि तो वटवायला टाकण्याआधी काही रक्कम फेडली गेली असेल, तर याच अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो टाकायला हवा. पूर्ण रकमेसाठी टाकला तर वटण्याच्या दिवशी तेवढं कायदेशीर देणंच अस्तित्वात नसतं, आणि कलम १३८ चा गुन्हा होत नाही.

थोडक्यात, बागायतदारांचे ६,२५,००० येणं होते यात शंका नव्हती, पण हातातल्या कागदांवर फौजदारी फिर्याद उभी राहत नव्हती.

मुदतींचा हिशेब

पर्यायांकडे वळण्याआधी आम्ही कागदावर तारखा मांडल्या. कलम १३८ च्या कामात हे सगळ्यात आधी करावं, मसुदा त्यानंतर.

चेक परत आल्याचं १५ ऑक्टोबरला कळलं, म्हणजे ३० दिवसांची नोटिशीची मुदत १४ नोव्हेंबरला संपत होती. हातात चार दिवस. चेकची तारीख १ सप्टेंबर, म्हणजे तीन महिन्यांची वैधता नोव्हेंबरअखेर संपणार. ३० नोव्हेंबर रविवार, त्यामुळे चेक पुन्हा टाकायचा तर त्याआधीच्या आठवड्यात टाकायला हवा. पूर्वी चेक सहा महिने चालायचा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेने १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत तीन महिन्यांवर आली. जुने व्यापारी आणि शेतकरी अजून सहा महिन्यांच्या हिशेबाने चालतात, म्हणून पक्षकाराला हे मुद्दाम सांगावं लागतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता आहे त्या नोटिशीवर फिर्याद दाखल करण्याचा. बागायतदारांचा कल याकडेच होता, कारण नोटिशीची फी एकदा देऊन झाली होती. फिर्याद दाखल झाली असती, समन्सही निघालं असतं. पण आरोपीच्या वकिलाने कावेरी प्लास्टिक्सचा निकाल पुढे ठेवला की सगळं तिथेच थांबलं असतं, आणि तोवर चेकची वैधता संपलेली. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता. १४ नोव्हेंबरच्या आत बरोबर आकड्याची नवी नोटीस पाठवायची. मुदतीतली दुरुस्त नोटीस चालेल असं आमचं मत होतं, आणि त्याने टायपिंगची चूक निघून गेली असती. पण किती रकमेची नोटीस? ७,८५,००० ची दिली तर दशरथभाई निकाल आडवा येतो, कारण चेक पूर्ण रकमेचा टाकला गेला होता. ६,२५,००० ची दिली तर कावेरी प्लास्टिक्स आडवा येतो, कारण टाकलेल्या चेकवर रक्कम ७,८५,००० आहे. सापळा दोन्ही बाजूंनी लागतो. दोष नोटिशीत नसून चेक बँकेत टाकण्याच्या कृतीतच असेल, तर नोटीस कितीही सुधारली तरी तो जात नाही. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला: चार दिवसांची मुदत आम्ही जाणूनबुजून जाऊ दिली.

नव्या वकिलाला हे कठीण जातं. मुदत संपत आली की हात आपोआप नोटीस लिहू लागतो. आमच्या ऑफिसमधल्या ज्युनिअरनेही विचारलं, "निदान एक नोटीस टाकून ठेवू या ना?" टाकून ठेवलेली प्रत्येक नोटीस उद्या उलटतपासात समोर येते. आधीच एक चुकीची नोटीस रेकॉर्डवर होती. तिच्या जोडीला वेगळ्या आकड्याची दुसरी गेली असती तर फिर्यादीलाच आपलं येणं किती ते ठाऊक नाही, असं म्हणायला आरोपीला जागा मिळाली असती.

तिसरा पर्याय, चेकवर कलम ५६ ची नोंद करून उरलेल्या रकमेसाठी तो पुन्हा टाकायचा. पुन्हा टाकता येतो हे एमएसआर लेदर्स विरुद्ध एस. पलानीअप्पन (२०१२) या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने पक्कं झालं आहे. पहिल्यांदा चेक परत आल्यावर नोटीस दिली आणि फिर्याद केली नाही, तरी वैधतेच्या मुदतीत तो पुन्हा टाकून, पुन्हा परत आल्यावर नव्या नोटिशीच्या आधारे फिर्याद करता येते. त्याआधीचा सदानंदन भद्रन (१९९८) निकाल याच्या उलट होता. काही जुन्या टिपणांत अजून तोच छापलेला दिसतो, म्हणून विद्यार्थ्यांनी सांभाळून वाचावं.

चौथा, व्यापाऱ्याकडून ६,२५,००० चा नवा चेक घ्यायचा. सगळ्यात स्वच्छ मार्ग, पण समोरच्याने दिला तर.

पाचवा, दिवाणी दावा. चेक हा लेखी दस्तऐवज असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट (संक्षिप्त पद्धतीने चालणारा दावा) करता येतो आणि मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून घाई नव्हती. इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. मालाच्या विक्रीचा वाद ३ लाखांच्या वरचा असेल तर तो वाणिज्यिक वाद ठरू शकतो, आणि मग वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ खाली दाव्यापूर्वीची मध्यस्थी बंधनकारक होते. ती न करता दाखल केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो, हे पाटील ऑटोमेशन निकालाने (२०२२) स्पष्ट केलं. तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तरच मध्यस्थीतून सवलत आहे. शेतकऱ्याचा दावा म्हणजे साधी वसुली, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

रक्कम लपवण्याचा प्रश्न

ज्युनिअरने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो अनेकांच्या मनात येत असणार. १,६०,००० मुलाच्या खात्यात आलेत. ते या व्यवहाराचे नाहीत, असं म्हणून पूर्ण रकमेवरच ठाम राहिलो तर? सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर जाईल.

आमचं उत्तर स्पष्ट नाही असं होतं. फिर्यादी शपथपत्रावर पुरावा देणार. पैसे कशाचे आहेत हे त्यांना माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, आणि व्यापाऱ्याच्या मेसेजमध्येही लिहिलेलं आहे: "बेदाण्याचे एक पाठवले, बाकीचे दिवाळीनंतर बघतो." हे माहीत असताना खोटं शपथपत्र तयार करणं वकिलाच्या कर्तव्यात बसत नाही. ज्याला शुद्ध डावपेच बघायचा आहे त्यानेही हे लक्षात घ्यावं की कलम १३९ ची धारणा (चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं धरून चालणं) फिर्यादीच्या बाजूने असते, आणि ती खोडायला आरोपीला फक्त संभाव्यतेच्या पातळीवरचा पुरावा पुरतो. यूपीआयची एक नोंद त्याला पुरली असती.

उलट उत्तरी नोटीस आमच्या कामाची होती. "१,६०,००० फेडले" असं लिहिणाऱ्याने व्यवहार मान्य केला, देणं मान्य केलं, चेक आपला असल्याचं मान्य केलं. तारण म्हणून दिला होता, हा बचाव मग फार दुबळा होतो. चेकच्या तारखेला देणं अस्तित्वात असेल तर केवळ तारण म्हटल्याने सुटका होत नाही, हे श्रीपती सिंग (२०२१) सारख्या निकालांत आलेलं आहे. उत्तरी नोटीस लिहिणाऱ्या वकिलांनीही यातून धडा घ्यावा. अशिलाला राग आला म्हणून सगळा हिशेब उत्तरात ओतायचा नसतो.

काय केलं

११ नोव्हेंबरला व्यापाऱ्याच्या वकिलांना पत्र दिलं: आपल्या उत्तरातला १,६०,००० चा भरणा आम्हाला मान्य आहे, बाकी ६,२५,००० आहे, तेवढ्या रकमेचा चेक चार दिवसांत द्यावा, जुना परत करू. पत्राला उत्तर आलं नाही. नवा चेक मिळाला नाही, पण फिर्यादीने भरणा प्रामाणिकपणे मान्य केल्याचा लेखी पुरावा तयार झाला. पुढे तो उपयोगी पडला.

मग कलम ५६. हे कलम कॉलेजमध्ये वाचलेलं असतं, पण प्रत्यक्ष वापरलेले वकील थोडे. आणि इथे बँकेच्या व्यवहाराची अडचण मोठी आहे. हल्ली चेक सीटीएसमध्ये (चेक ट्रंकेशन सिस्टीम) प्रतिमेवरून वटतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अशा चेकवर तारीख वाढवणं सोडून इतर बदल चालत नाहीत. तोंडावरची रक्कम ७,८५,००० आणि मागणी ६,२५,००० ची, असा चेक दुसऱ्या बँकेकडे गेला तर तो भलत्याच कारणाने परत येण्याची भीती असते. मग अपुऱ्या शिलकीचं कारण मिळत नाही आणि नवाच वाद सुरू होतो.

या प्रकरणात दोघांची खाती एकाच बँकेत होती, शाखा वेगळ्या. म्हणजे चेक क्लिअरिंगला जाणार नव्हता, बँकेच्या आतच वर्ग होणार होता. बागायतदारांसोबत आमची ज्युनिअर शाखेत गेली. चेकच्या मागे बागायतदारांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: या चेकपोटी १,६०,००० रुपये मिळाले, बाकी ६,२५,००० रुपये. खाली तारीख आणि सही. चेकच्या तोंडाला हात लावला नाही. तिथे खाडाखोड झाली असती तर कलम ८७ खालच्या महत्त्वाच्या फेरबदलाचा मुद्दा निघाला असता. सोबत शाखाधिकाऱ्यांना अर्ज: कलम ५६ प्रमाणे नोंद केली आहे, कृपया ६,२५,००० साठी चेक घ्यावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला, मग कलमाचा मजकूर वाचून वरिष्ठांना फोन लावला आणि चेक घेतला. १८ नोव्हेंबरला भरलेला चेक १९ ला परत आला. मेमोवर कारण अपुरी शिल्लक.

२१ नोव्हेंबरला नवी नोटीस गेली. मागणीच्या परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ खर्च झाला. चेकवरची मूळ रक्कम, भरण्याच्या दोन तारखा, कलम ५६ ची नोंद केल्याची तारीख, नोंदीनंतर चेकची देय रक्कम ६,२५,०००, तेवढ्याच रकमेसाठी चेक टाकला आणि तेवढीच रक्कम न वटता परत आली, म्हणून तेवढीच मागत आहोत. आकडा प्रत्येक वेळी अंकी आणि अक्षरी. २८ ऑक्टोबरच्या नोटिशीवर कोणतीही कारवाई करणार नाही, हे एका वाक्यात. व्याजाचा आणि खर्चाचा हक्क राखून ठेवला, पण आकडा दिला नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे पोच मिळण्याच्या सोयीसह स्पीड पोस्ट केलं आणि ट्रॅकिंगचा कागद त्याच दिवशी छापून फाइलला लावला. २५ नोव्हेंबरला नोटीस पोचली. १० डिसेंबरला १५ दिवस संपले, पैसे आले नाहीत.

फिर्याद

१७ डिसेंबरला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल झाली. कोर्ट कोणतं, यावर वाद नव्हता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर फिर्यादीचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट.

इथे संजाबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर हा २५ सप्टेंबर २०२५ चा निकाल कामी आला. तो मूळचा गोव्यातला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दिलेली निर्दोष मुक्तता रद्द करणारा. सर्वोच्च न्यायालयाने त्यात देशभरातल्या १३८ च्या कामांसाठी सूचना दिल्या. रोजच्या कामात जाणवणाऱ्या तेवढ्याच सांगतो. फिर्यादीच्या सुरुवातीला, अनुक्रमणिकेनंतर लगेच, ठरलेल्या नमुन्यातला गोषवारा लागतो: पक्षकार, चेक, परतीचा मेमो, नोटीस, कारण घडल्याची तारीख, मागणी. समन्स बेलिफामार्फत देण्याबरोबरच फिर्यादीच्या हाती आणि ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपनेही देता येतं, त्यासाठी आरोपीचा नंबर बरोबर असल्याचं फिर्यादीचं शपथपत्र लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला ऐकायचं की नाही, यावर कोर्टाकोर्टांत वेगळी पद्धत होती. १३८ च्या कामात त्याची गरज नाही, हे आता ठरलं. आमच्या कोर्टात नमुन्याचा आग्रह सुरुवातीपासून होता. गोषवारा भरताना भरणा, नोंद आणि मागणी यांचा हिशेब एका पानावर उघडा पडतो. पहिल्या वकिलांनी नोटिशीआधी असा गोषवारा भरून पाहिला असता तर चूक तिथेच दिसली असती.

मेसेज आणि यूपीआयच्या नोंदींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ (४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडलं. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं. तालुक्याला असा माणूस शोधणं सोपं नाही. म्हणून मुलाचा फोन बदलू नका, मेसेज पुसू नका, असं बजावलं. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नसते, हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने (२०२०) सांगितलं आहे, आणि जुन्या कायद्यावरचा तो विचार इथेही मांडता येईल असं आमचं मत. दुहेरी तयारी ठेवली.

निष्पत्ती

व्यापारी दुसऱ्या तारखेला हजर झाला आणि गुन्हा नाकारला. आम्ही कलम १४३-अ खाली अंतरिम भरपाईचा अर्ज दिला. कमाल २० टक्के, म्हणजे आमच्या हिशेबाने १,२५,०००. हा आदेश आपोआप होत नाही, कोर्टाने सकृतदर्शनी बाजू आणि आरोपीची आर्थिक स्थिती पाहून ठरवायचं असतं, हे राकेश रंजन श्रीवास्तव निकालात (२०२४) आहे. अर्जात म्हणून उत्तरी नोटिशीतल्या कबुलीवर भर दिला. युक्तिवादाच्या आधीच व्यापाऱ्याच्या वकिलांनी तडजोडीचं बोलणं काढलं.

तडजोडीत बागायतदारांना व्याज हवं होतं, आणि ते मागण्यात काही गैर नव्हतं. पण त्यांची खरी निकड ३१ मार्चची होती. विकास सोसायटीचं पीककर्ज थकलं तर पुढचं मिळणार नव्हतं. मुलाने वडिलांना सांगितलं, "आबा, व्याज सोडू, पण मार्चच्या आत मोठा हप्ता घेऊ." वकिलाने इथे गप्प राहून ऐकावं. शेवटी ६,२५,००० पूर्ण, व्याज नाही, असं ठरलं. पहिला हप्ता २,२५,००० मार्चच्या आत ऑनलाइन, बाकीचे दोन प्रत्येकी २,००,००० चे.

तडजोड नोंदवायची कशी, हा आणखी एक निर्णयाचा क्षण. लोकअदालतीत लगेच निवाडा घेता आला असता. पण निवाडा झाला की फिर्याद संपते. हप्ता चुकला तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणायचा (गोविंदन कुट्टी मेनन निकाल, २०११), म्हणजे दरखास्त, जप्ती आणि वर्षं. शिवाय हप्त्यांसाठी नवे चेक घेतले आणि ते परत आले तर गिम्पेक्स निकालाप्रमाणे (२०२१) नव्या चेकवर फिर्यादीचं वेगळं कारण घडतं आणि जुनी फिर्याद सोबत चालवता येत नाही. म्हणून आम्ही चेक घेतलेच नाहीत. दोघांच्या सह्यांची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली, हप्त्यांच्या तारखा त्यात लिहिल्या, आणि शेवटचा हप्ता मिळेपर्यंत फिर्याद प्रलंबित ठेवण्याची विनंती केली. कोर्टाने ती मान्य केली. संजाबीज तारी निकालाने तडजोड करताना आरोपीला वेगळा भरावा लागणारा जुना खर्चही कमी केला आहे. बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी मिटलं तर असा खर्च भरावाच लागत नाही, आणि हे व्यापाऱ्याला लवकर मिटवायला पुरेसं कारण ठरलं.

हे लिहीपर्यंत दोन हप्ते आले आहेत. तिसऱ्याची तारीख पुढे आहे आणि फिर्याद बोर्डावर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बागायतदारांनी पहिले १,००,००० आले तेव्हाच जुना चेक परत देऊन कमी रकमेचा नवा घ्यायला हवा होता. उधारीवर माल देणाऱ्या प्रत्येक अशिलाला आम्ही आता हे सांगतो, आणि पैसे ज्याच्या नावे चेक आहे त्याच खात्यात घ्यायला सांगतो.

पहिल्या वकिलांची चूक टायपिंगची दिसते, पण तिच्या आधीची चूक प्रश्न न विचारण्याची आहे. "चेक दिल्यानंतर एकही रुपया, कुणाच्याही खात्यात, रोख किंवा ऑनलाइन आला का?" हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर अशिलाच्या सहीने फाइलला लावावं. नोटीस लिहिताना मूळ चेक टेबलावर असावा. फोटोवरून लिहू नये, आणि मागणीचा आकडा दुसऱ्या माणसाने चेकशी ताडून पाहावा.

आम्हीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीचा अर्ज नोव्हेंबरातच देऊ शकलो असतो. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो, खर्च फार नाही, आणि कलम ५६ चा प्रयत्न बँकेत फसला असता तर दुसरी वाट तयार राहिली असती. खाती वेगळ्या बँकांत असती तर बहुधा तीच मुख्य वाट ठरली असती. अशा वेळी नवा चेक मिळत नसेल तर फौजदारीचा हट्ट सोडून समरी सूटची तयारी करणं जास्त शहाणपणाचं, असं आमचं मत आहे.

एक प्रश्न या प्रकरणात तपासला गेला नाही, कारण काम तडजोडीकडे वळलं. चेकच्या तोंडावर ७,८५,०००, नोटिशीत ६,२५,०००: कावेरी प्लास्टिक्सच्या कसोटीवर ही नोटीस टिकली असती का? आमचं म्हणणं होतं की कलम ५६ च्या नोंदीनंतर चेकची रक्कम म्हणजे बाकीची रक्कम, आणि नोंद केलेला चेक परत आला तर गुन्हा होतो हे दशरथभाई निकालातच लिहिलेलं आहे. म्हणून दोन निकालांत विरोध नाही. आरोपीच्या वकिलांनी लेखी उत्तरात हाच मुद्दा घेतला होता. तिसरा हप्ता चुकला तर पुढच्या तारखेला पहिला युक्तिवाद यावरच होईल, आणि त्याचं टिपण फाइलमध्ये तयार आहे.